टीव्हीला सवाष्ण लागत नाही

अक्का पाहुण्याला खुर्चीत बसवायच्या, दोन बोटांनी त्याची हनुवटी धरायच्या, तोंड ट्यूबलाइटकडे वळवायच्या आणि रंगारी भिंतीवर ओल कुठवर चढलीय ते बघतो तसं बघायच्या. मग निकाल द्यायच्या, "हुतंय की."

खुर्चीत नगरसेवक असो, दातांचा डॉक्टर असो, नाहीतर शेंगाचटणीची कृती सांगायला आलेली गृहिणी असो, निकाल हाच. "हुत न्हाय" असं त्या कुणाला म्हणाल्याचं मला आठवत नाही. म्हणण्यासारखे चेहरे भरपूर येऊन गेले, हे मी व्यवस्थापक या नात्याने सांगू शकते.

आमचं केबल चॅनेल नव्या पेठेत, एका कापड दुकानाच्या वर. खाली साड्या, मधल्या मजल्यावर त्यांचं गोदाम, त्यावर आम्ही. मी याद्यांवर चालणारी बाई आहे. पाहुण्यांची यादी, चहाची यादी, बिघडलेल्या वस्तूंची यादी. त्यातली बिघडलेल्या वस्तूंची कायम सर्वांत लांब. अक्का आमच्याकडे मेकअप करायच्या. त्यांचं नाव हजेरीपटावर होतं, पण मी काय किंवा चॅनेलचे मालक शेठ काय, कुणीच ते कधी उच्चारलं नाही. अक्कलकोटकडच्या, घरात कानडी बोलणाऱ्या, म्हणून अक्का. पाहुणा खुर्चीत चुळबुळ करायला लागला की त्या कानडीत दम भरायच्या, "सुम्न कूडरी." गप बसा. ज्यांना कानडी येत नव्हती तेही गप बसायचे.

त्यांच्याकडे घट्ट रंगाच्या तीन डब्या होत्या. ओल्या स्पंजाने चेहऱ्यावर थापायचा असतो, तो रंग. कंपनीने डब्यांवर काही नंबर छापले होते. अक्कांनी त्यांना आपली नावं दिली होती : नवरी, मास्तर आणि पुढारी.

"पुढारी डबी लवकर का संपते, अक्का?" मी एकदा खरेदीची यादी करताना विचारलं.

"दोन हात लागत्यात म्याडम. एका हातात झाकत न्हाय."

एकदा आम्ही एकाच प्रभागातले दोन विरोधी उमेदवार समोरासमोर बसवले. दोघांनाही सगळे 'भाऊ' म्हणायचे; एक जाडे भाऊ, एक बारके भाऊ. दोघांनी एकमेकांची यथेच्छ उणीदुणी काढली. कार्यक्रम चालू असताना एका प्रेक्षकाचा फोन आला, "हे दोघं सख्खे भाऊ हायत का?" विटेसारखा तोच तांबूस रंग, तेच चकाकणारं कपाळ. बारक्या भाऊंनी नंतर अक्कांकडे तक्रार केली की विरोधकाचा रंग आपल्याला लावला हे पक्षाला आवडणार नाही.

अक्का स्पंज धूत होत्या. म्हणाल्या, "मग पक्षाचा रंग घरनं आणा की. मी लावते."

तुम्ही म्हणाल, बाई तोंडाळ दिसते. पुढाऱ्यांशी होती. पण आमच्या महिलांच्या कार्यक्रमाला पूर्व भागातल्या बायका यायच्या, विणकर घरांतल्या, तेलुगू बोलणाऱ्या. त्यांच्याशी अक्का वेगळ्याच असायच्या. एक बाई आली होती, विड्या वळणारी. बोटं पिवळी पडलेली, ती पदरात लपवत होती. अक्कांनी रंग लावायला घेतला आणि इतक्या सावकाश लावला की मी दारातून दोनदा घड्याळ दाखवलं. एक कानडीत बोलत होती, एक तेलुगूत उत्तर देत होती, आणि दोघींचं व्यवस्थित चाललं होतं. शेवटी अक्कांनी तिचे हात पदरातून बाहेर काढले आणि बोटांनाही तोच रंग लावला.

कार्यक्रम झाल्यावर तोंड धुवायला मी तिला साबण दिला. तिने तो परत दिला. रिक्षाही नको म्हणाली. खिडकीतून पाहिलं तर ती भर नव्या पेठेतून, गर्दीच्या मधोमध चालत निघाली होती. तिचं घर उलट्या दिशेला होतं.

अक्का चॅनेलमध्ये आल्या त्याआधी नवऱ्या सजवायच्या. अर्ध्या सोलापूरच्या नवऱ्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. मग नवरा वारला, आणि लग्नं बंद झाली. कुणी वाईट बोललं नाही. सोलापूरची माणसं सभ्य आहेत. "अक्का, जरा आराम करा आता," एवढंच म्हणायची. लग्नाच्या दिवशी नवरीला पहिला हात सवाष्णीचा लागावा लागतो. हात तेच होते, पण कपाळावरचं कुंकू गेलं होतं, आणि गिऱ्हाइकं कपाळ बघून हात ठरवत होती.

आमच्याकडे काम मागायला आल्या तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही. विचारलं ते असं, "टीव्हीला सवाष्ण लागत न्हाय न्हवं?"

"नाही," मी म्हणाले. "वेळेवर येणारी लागते."

"मग येते."

तेव्हा ही एक खुर्ची, हेच त्यांचं सगळं होतं. ती गेली तर सोलापुरात अक्कांसमोर हनुवटी वर करून बसणारं कुणी उरणार नव्हतं. हे त्यांना माहीत होतं आणि मला माहीत होतं. शेठना माहीत होतं की नाही कोण जाणे. शेठना एकच गोष्ट नेमकी माहीत असायची, ती म्हणजे शेजारच्या चॅनेलने काय विकत घेतलं.

शेजारच्या चॅनेलने एचडी कॅमेरा घेतला.

शेठ मुंबईला प्रदर्शनाला गेले आणि येताना त्याहून मोठा घेऊन आले. भटजी बोलावले, नारळ फोडला, कॅमेऱ्याला हार घातला. भटजींनी उत्साहाने काचेवरच अक्षता टाकल्या. खाली रस्त्यावर नवी पाटी लागली, तिच्यात चॅनेलच्या नावापेक्षा 'एचडी' मोठं होतं. शेठच्या केबिनमध्ये अर्धी भिंत व्यापणारा टीव्ही बसला. आम्ही सगळे पहिलं रेकॉर्डिंग बघायला जमलो.

आणि दिसायला लागलं. वर्षानुवर्षं आमच्या बातम्यांमागे तलावातलं मंदिर होतं. ते फ्लेक्सवर छापलेलं आहे आणि त्याच्या कळसातून घडी गेलीय हे दिसलं. फुलदाणीतल्या फुलांवरची धूळ दिसली. बातम्या वाचणाऱ्या पल्लवीच्या खांद्यावरची टाचणी दिसली. मी लगेच यादी करायला घेतली : 'एचडीत दिसणाऱ्या गोष्टी'. कागद भरला तेव्हा मी थांबले, कारण पुढची नोंद शेठच्या केसांच्या कलपाची होती.

अक्कांचं कामही दिसलं. गालावर पुट्टी, मिशीवर पावडर, आणि कानामागून सुरू होणारा मूळचा माणूस.

आता इथे एक तांत्रिक मुद्दा आहे, तो सांगून टाकते. आमचा तंत्रज्ञ इरफान मला बाजूला घेऊन म्हणाला, "कॅमेरा एचडी है म्याडम, पन तार तो वोइच है ना. लोगां के घर में सब पैलेकाच दिखता." म्हणजे रेकॉर्डिंग नव्या पद्धतीचं, पण ते घरोघरी जायचं जुन्याच तारेतून, जुन्याच डबा टीव्हीवर. प्रेक्षकांना काडीचा फरक दिसणार नव्हता. संपूर्ण सोलापूर शहरात आमचं एचडी दिसण्याची जागा एकच : शेठची केबिन.

आणि आमच्याकडे पहिल्यापासून पद्धत होती की रेकॉर्डिंग झालं की पाहुण्याला केबिनमध्ये न्यायचं, चहा आणि खारी द्यायची आणि त्याला त्याचंच रेकॉर्डिंग दाखवायचं. हा शेठचा पाहुणचार. त्यात खंड पडणं शक्यच नव्हतं. त्यामुळे ज्या एकाच माणसाला ते बघून त्रास होणार होता, त्यालाच आम्ही ते आग्रहाने दाखवत होतो. वर खारी घ्या म्हणत होतो.

पहिला फटका जाड्या भाऊंना बसला. कप हातात तसाच राहिला.

"हे कोण हाय?"

"तुम्हीच, भाऊ," शेठ म्हणाले.

"मग माज्या नाकावर एवढी भोकं कधीपास्नं हायत?"

अक्का दारातच होत्या. "आधीपास्नंच की. टीव्हीत दिसत न्हवती."

भाऊ चहा न पिता गेले. पाठोपाठ दातांचे डॉक्टर रागावले, मग एक ज्योतिषी रागावले. त्यांना हे आधी कसं कळलं नाही असं मी विचारणार होते, पण विचारलं नाही. शेठनी अक्कांना बोलावलं.

"अक्का, आता एचडी आलंय. हे थापणं चालायचं नाही."

"कॅमेरा नवा आलाय शेठ. माणसं तीच हायत की."

यावर शेठनी पुण्याहून मुलगी बोलावली.

मुलीचं नाव केतकी. तिच्याकडे एक छोटं यंत्र होतं, त्यातून रंगाचा बारीक फवारा उडायचा. वागायला चांगली होती. अक्कांना तिने यंत्र हातात घेऊन बघायला दिलं. अक्कांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडं हे पाठीला बांदून द्राक्षाला मारत्यात."

शेठनी परीक्षा ठरवली. तेच दोन भाऊ पुन्हा समोरासमोर बसवायचे. बारक्यांना केतकी करणार, जाड्यांना अक्का. ज्याचा चहा निर्विघ्न पार पडेल, त्याच्या मेकअपवालीची खुर्ची कायम. हे त्यांनी केबिनमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, अक्का खारीची बशी उचलत असताना.

अक्कांनी बशी नेऊन धुतली. दुसऱ्या दिवसापासून लवकर यायला लागल्या. वॉचमनला खुर्चीत बसवायचं, रंगात गुलाबपाणी घालून तो पातळ करायचा, लावायचा, नव्या कॅमेऱ्यासमोर उभं करायचं, केबिनमधल्या टीव्हीवर बघायचं, पुसायचं, परत लावायचा. वॉचमन कंटाळला तेव्हा इरफानला धरलं. इरफान पळाला तेव्हा मला. त्या दिवसांत मी रोज थोडी गोरी होऊन घरी जायचे. नवऱ्याने शेवटी विचारलं, "बढती मिळाली का?"

"हुतंय का, अक्का?" मी खुर्चीतून विचारायचे.

त्या टीव्हीजवळ जाऊन बघायच्या, लांब जाऊन बघायच्या. "लांबनं हुतंय." मग स्वतःशीच, "पर ही समदी जवळ येऊन बगत्यात."

परीक्षेचा दिवस आला. वाद झाला, चहा आला, टीव्ही लागला. अक्का आणि केतकी दाराच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. मी शेठच्या मागे होते. अक्कांनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

केतकीचं काम उत्तम झालं होतं. बारके भाऊ हुबेहूब बारक्या भाऊंसारखे दिसत होते. तोच सुकलेला गाल, तेच डोळ्यांखालचं काळं, फक्त जरा स्वच्छ.

"ह्यो मेकअप केलाच न्हाय!" बारके भाऊ ओरडले.

"सर, नॅचरल लूक आहे," केतकी म्हणाली.

"नॅचरल माज्या घरी हाय की! रोज आरशात बगतोय. त्याच्यासाठी हितं दोन मजले चढून येऊ व्हय?"

तिकडे जाडे भाऊही तापले होते. अक्कांचा पातळ रंग बघून त्यांचं म्हणणं असं, की मागच्या वेळी आपल्याला दोन हात दिले होते, या वेळी एकच दिला, हे विरोधकांच्या सांगण्यावरून झालं. दोन्ही भाऊ आयुष्यात पहिल्यांदा एका मुद्द्यावर एकत्र आले आणि पाय आपटत एकाच जिन्याने उतरले.

 अक्कांनी मूठ सोडली नव्हती. मग त्या म्हणाल्या, "शेठ, लोकं हे टीव्ही बगायला हितं येत्यात का?"

"नाही."

"मग ह्यो टीव्ही हितं कशाला ठेवलाय?"

शेठनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोक्यात न बिघडलेल्या, पण काढून टाकलेल्या वस्तूंची यादी सरकली. खालच्या साड्यांच्या गोदामात आमचा जुना डबा टीव्ही ठेवलेला होता. तासाभरात तो केबिनमध्ये आला. नव्या टीव्हीवर आम्ही सोलापुरी चादर घातली आणि कुणी विचारलंच तर दुरुस्तीला आहे म्हणून सांगायचं ठरवलं.

पुढच्या पाहुण्यांना जुन्या टीव्हीवर त्यांचं रेकॉर्डिंग दिसलं, अक्कांचे पुरते दोन हात चढवलेलं. तांबूस, गुळगुळीत, प्रसन्न. पाहुणे खारी बुडवत म्हणाले, "वा शेठ! याला म्हणतात एचडी!"

शेठ विनयाने हसले. "खर्च केलाय तेवढा."

केतकी पुण्याला परत गेली. जाताना तिने मला विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे एचडी म्हणजे नक्की काय असतं?"

मी म्हणाले, "खालच्या पाटीवर लिहिलेलं असतं, ते."

अशा रीतीने अक्कांची खुर्ची वाचली. बरीच वर्षं वाचली. पण तारा बदलल्या, घरोघरी सेट-टॉप बॉक्स आले, भिंतीवर चपटे टीव्ही आले आणि लोकांना खरोखरच दिसायला लागलं. त्या सुमारास शेठनी आणखी एक खरेदी केली. या वेळी यंत्र छोटं होतं. त्यात एक बटण होतं. इरफानने ते दाबलं आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरची भोकं, सुरकुत्या, डाग सगळं वितळून गेलं. माणूस तांबूस, गुळगुळीत आणि प्रसन्न झाला.

मी अक्कांकडे पाहिलं. ही पुढारी डबी होती. दोन हात.

अक्का पडद्याजवळ गेल्या. 

"कोण लावतंय हे?"

"मशीन लगाता अक्का," इरफान खाली बघत म्हणाला.

"हात बरा हाय की," अक्का म्हणाल्या. आणि स्पंज धुवायला गेल्या. त्या दिवशी तो वापरलेला नव्हता.

शेठ वाईट माणूस नव्हेत. त्यांनी अक्कांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, दोन्ही भाऊ, भाषणं. त्याचंही रेकॉर्डिंग झालं, बटण चालू ठेवून. अक्कांनी स्वतःच्या तोंडाला कधी रंगाचं बोट लावलेलं नव्हतं. केबिनमधल्या टीव्हीवर त्यांनी स्वतःला पाहिलं, सोललेल्या शेंगदाण्यासारखी गुळगुळीत.

"आवडलं नाही का?" मी विचारलं.

"चांगली दिसतीय बाई," त्या म्हणाल्या. "वळक न्हाय आमची."

खुर्ची गोदामात गेली. अक्का घरी गेल्या. मी मधूनमधून जायचे, त्या चहा करायच्या. बोलता बोलता त्यांची नजर माझ्या गालावर, कपाळावर फिरायची आणि त्या हात मांडीखाली घेऊन बसायच्या.

मग पल्लवीचं लग्न ठरलं. आमची बातम्या वाचणारी पल्लवी, जी कित्येक वर्षं रोज त्या खुर्चीत बसली होती. मुलगा बार्शीचा, घर व्यापाऱ्याचं. पल्लवीने घरात सांगितलं, मेकअप अक्का करणार. तिची आई माझ्याकडे धावत आली, कारण होणाऱ्या विहिणीच्या कानावर गेलं होतं. मध्यस्थीला मी बसले.

विहीणबाई समजूतदार निघाल्या. "आमी काय जुन्या इचाराचे न्हाय," त्यांनी सुरुवात केली. या वाक्यानंतर काय येतं ते तुम्हालाही माहीत आहे. "करू द्या त्यांना. समदं त्यांनीच करू द्या. फकस्त शेवटचा हात सवाष्णीचा पायजे. आन् तेवढं व्हिडिओत आलं पायजे. पावणे बगत्यात."

शेवटचा हात लावायला सवाष्ण म्हणून एकमताने मी ठरले.

अक्कांना हे सांगायला मी गेले तेव्हा वाक्यं जुळवून नेली होती. त्यांनी ती ऐकून घेतली.

"म्हंजे काम माजं आन् हात तुमचा."

"तसंच काहीसं."

"उद्घाटनावाणी," अक्का म्हणाल्या. "येते म्हणावं. पोरीला सांगा, तोंडाला आदी काय लावू नको."

लग्नाच्या सकाळी कार्यालयातल्या त्या खोलीत अक्कांनी जे केलं ते मी कोपऱ्यात बसून पाहिलं. तिन्ही डब्या आणल्या नव्हत्या. फक्त नवरी. वॉचमनवर, इरफानवर, माझ्यावर गिरवलेला तो पातळ हात त्या दिवशी लागला, आणि पल्लवी पल्लवीच दिसत होती, जवळूनसुद्धा.  शेवटी अक्कांनी काजळ घातलं, त्या मागे सरल्या आणि हात पुसले.

व्हिडिओवाल्याला आत बोलावलं. मी त्याला अदबीने विचारलं, "एचडी ना?"

"एचडी जुनं झालं म्याडम. आता फोर के." मग कॅमेरा लावून तो अक्कांना म्हणाला, "मावशी, जरा बाजूला व्हा. चौकटीत येताय."

अक्का बाजूला झाल्या. "अजून थोडं." त्या कपाटापर्यंत गेल्या, भिंतीला टेकल्या. व्हिडिओवाल्याने मला खूण केली. मी पावडरचा ब्रश उचलला आणि हसऱ्या चेहऱ्याने पल्लवीच्या गालाकडे नेला.

"म्याडम, उलटा धरलाय," भिंतीकडून अक्कांचा आवाज आला.

पल्लवी हसली. हसता हसता तिने आरशातून भिंतीकडे पाहिलं, आणि तिचं हसणं कुठेतरी अडकलं. डोळे भरून आले. काजळ ओघळलं, एक रेघ थेट गालापर्यंत. मी व्यवस्थित बाई. पर्समध्ये टाचण्या, दोरा, रुमाल, सगळं यादीबरहुकूम होतं. मी रुमाल काढून पुसलं. रेघेचा पट्टा झाला. आणखी पुसलं, पट्टा हनुवटीपर्यंत आला.

बाहेरून भटजींची हाक आली, "मुलीला आणा, मुहूर्त टळेल!" दार उघडून विहीणबाई आत आल्या. त्यांनी सुनेचं तोंड पाहिलं. मग मला पाहिलं, काळा रुमाल आणि उलटा ब्रश हातात घेतलेली सवाष्ण.

"अगं बया! हे काय?"

 विहीणबाई भिंतीकडे वळल्या. "अवं अक्का, बगत काय उब्या राह्यलाय? आवरा की!"

अक्का हलल्या नाहीत. "हात लावू?" त्यांनी विचारलं. अगदी हळू आवाजात, पण स्पष्ट.

व्हिडिओवाल्याचा कॅमेरा चालू होता. दारात बार्शीच्या चार बायका येऊन उभ्या होत्या. विहीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, भटजींची दुसरी हाक ऐकली.

"लावा म्हणतीय न्हवं! लावा, लावा!"

"सरका म्याडम," अक्का मला म्हणाल्या.

अक्का मागच्या उन्हाळ्यात गेल्या. शेठ म्हणाले, बातमी चांगली करा. सत्काराचं रेकॉर्डिंग होतं, पण त्यातली ती गुळगुळीत बाई बघून इरफानच म्हणाला, ये अपनी अक्का नै. दुसरा फोटो कुणाकडेच नव्हता. शेवटी पल्लवीने आपल्या लग्नाचा व्हिडिओ आणून दिला आणि बातमीही तिनेच वाचली.

तुम्ही त्या संध्याकाळी आमचं चॅनेल लावलं असेल तर तुम्ही ते पाहिलंच असेल. चेहरा कुठेच नाही. पूर्ण पडदाभर इरकल साडीतली एक पाठ, इतकी स्वच्छ की विणीतला धागा न् धागा मोजावा. पाठीआड नवरी आहे, पण ती दिसत नाही. "मावशी, बाजूला व्हा! नवरी दिसंना!" असं व्हिडिओवाला ओरडताना ऐकू येतो. तो पुन्हा ओरडतो. पाठ जागची हलत नाही.